थोरात, शंकरराव पांडुरंग पाटील
थोरात, शंकरराव पांडुरंग पाटील : (१२ ऑगस्ट १९०६ – १० ऑगस्ट १९९२). भारतीय सेनेतील एक ख्यातनाम सेनानी व १९५७ ते १९६१ या काळातील पूर्व विभागाचे सेनाधिपती. जन्म कोल्हापूर संस्थानातील एका मराठा घराण्यात. वडील डॉ. पांडुरंग चिमणाजी पाटील हे नामांकित कृषितज्ज्ञ असून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. घरात विद्येची व सरकारी सेवेची परंपरा होती. सैनिकी अधिकारपदाची मात्र नव्हती. ती त्या काळी महाराष्ट्रातील कोणत्याच घरात असणे शक्य नव्हते.

या शेवटच्या विधानाचा थोडा उलगडा करणे अवश्य आहे. महाराष्ट्रातून हजारो शिपाई शंभरांहून अधिक वर्षे मुंबई इलाख्याच्या सेनेत भरती होत होते. मराठा पलटणींनी मेसोपोटेमियापर्यंत नाव कमावले होते. पण देशी माणसाची चढण सुभेदार-मेजरच्या पदाशी संपे. सर्वांत ज्येष्ठ सुभेदारदेखील नुकत्याच विलायतेहून आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हुकमाखाली असे. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ पासून सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात दरवर्षी दहा हिंदी तरुणांना प्रवेश देण्याचे ठरले. प्रवेशपरीक्षा, मुलाखत, शिफारसपत्रे आणि विलायतेतील खर्च या सर्वांतून पार पडणारे थोडे. त्यातून जे जात त्यांतील कित्येक शिक्षण अर्धवट सोडून परत येत. उत्तरेकडील लढवय्या गणलेल्या जमाती आणि संस्थानिकांची घराणी यांचा या जागांवर वरचष्मा होता. मराठी तरुणांची संख्या नगण्य होती. याच अनुभवातून डॉ. बा. शि. मुंजे यांनी सैनिकी शिक्षणाचा ध्यास घेतला. १९३१ मध्ये हिंदी सैनिकी महाविद्यालयाचा विचार करणाऱ्या चेटवुड समितीचे ते सदस्य होते. मराठी मुलांना शालेय वयापासूनच सैनिकी शिस्त व तयारी मिळावी, म्हणून त्यांनी १९३७ साली नासिक येथे भोसला सैनिकी विद्यालय सुरू केले. त्यानंतर चार वर्षांनी, १९४१ मध्ये, तोफखान्याचे शिक्षणकेंद्रही काकूलहून नासिकजवळच्या देवळालीस आले आणि नासिक जिल्ह्याचे नाव सैनिकी शिक्षणाशी कायमचे जोडले गेले. थोरातांच्या तरुणपणी यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते. डेहराडूनची सैनिकी अकादमीदेखील १९३२ मध्ये निघाली. त्यांना सँडहर्स्टखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

सँडहर्स्टचा अभ्यासक्रम पुरा करून १९२६ मध्ये त्यांना राजाची सनद मिळाली. रिवाजाप्रमाणे एक वर्ष ब्रिटिश पलटणीत उमेदवारी केल्यावर ते १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत रुजू झाले. ही पलटण ‘आठ पलटणींच्या योजने’तील एक होती. सरसेनापती लॉर्ड रॉलिन्सन यांनी १९२३ मध्ये जाहीर केलेल्या या योजनेनुसार हिंदी सनदी अधिकारी केवळ आठ ठरावीक पलटणींतच नेमले जात. बाह्यतः ही हिंदीकरणाची सुरुवात होती. व्यवहारात तिचा उपयोग गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी माणसाच्या हाताखाली काम करण्याची वेळ येऊ नये यासाठीच झाला. अशा पलटणींत हिंदी लेफ्टनंटांना पूर्वी सुभेदार-जमादार सांभाळीत ती तुकडीप्रमुखाची कामे देण्यात येत. त्यामुळे बढतीही रखडे आणि मानही कमी होई. तरीही या पलटणीने उपखंडाच्या पुढील इतिहासाला चमत्कारिक देणगी दिली. पाकिस्तानचे पुढे अध्यक्ष झालेले अयूबखान हे तिच्यात थोरातांचे सहकारी होते. आझाद हिंद सेनेचे पहिले संघटक मोहनसिंग तसेच शाहनवाझखान व गुरुबक्षसिंग धिल्लाँ हेही याच पलटणीचे. डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील जित्राच्या लढाईत जपान्यांनी ही पलटण उद्ध्वस्त केली. त्या वेळी थोरात तिच्यात नव्हते. एकाच भोजनगृहात बसणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वाटा किती निरनिराळ्या झाल्या, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी अधिकाऱ्यांच्या क्षमतेची खरी कसोटी लागली. हिंदी माणूस शूर शिपाई होतो, पण मोठ्या तुकडीचे रणांगणावरील नेतृत्व त्याला पेलणार नाही, हा समज ब्रिटिश लष्करी वर्तुळात दृढ होता. १९४३ मध्ये सरसेनापतिपद पुन्हा स्वीकारलेले जनरल ऑकिन्लेक यांचा त्यावर विश्वास नव्हता. २५ व्या हिंदी डिव्हिजनमधील ५१ वी ब्रिगेड ही या दृष्टीने महत्त्वाची ठरली. कारण तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. ८/१९ हैदराबादचे कोदेंदर सुबय्या थिमय्या, १६/१० बलुचचे एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे थोरात असे हे तिघे लेफ्टनंट कर्नल होत. ब्रिगेडचा अधिपती मात्र हटन हा इंग्रज ब्रिगेडियर होता.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर अक्याब बेट सर झाल्यावर माघार घेणाऱ्या जपानी सैन्याची वाट तोडण्यासाठी कांगाव येथे सैन्य उतरविण्यात आले. हा प्रदेश खाड्या, कांदळवने व चिखल यांनी व्यापलेला. त्याच्या कडेने डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी जपान्यांना दक्षिणेकडे जाण्यास सोयीचा असा एकच रस्ता. २२ जानेवारीस कमांडो ब्रिगेड प्रथम उतरली. पाठोपाठ ५१ वी ब्रिगेड आली. रस्त्यावर नजर ठेवणारी टेकडी, जिला सैनिकी नकाशावर ‘मेलरोज’ असे सांकेतिक नाव होते, ती जपान्यांनी भक्कमपणे धरली होती. तिच्यावर ब्रिगेडच्या पलटणींनी एकामागून एक चढाया केल्या. अखेर थोरातांच्या पंजाबी पलटणीने संगिनींच्या निकराच्या हल्ल्याने माथा काबीज केला. पलटणीची हानी मोठी झाली. या लढाईबद्दल थोरात, थिमय्या व सेन या तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक देण्यात आले. एका ब्रिगेडमधील तिन्ही हिंदी पलटणप्रमुखांनी एकाच लढाईत हे पदक मिळवावे, ही गोष्ट पदकांच्या हिशेबापेक्षा फार मोठी होती. हिंदी नेतृत्वाविषयीच्या वादाचा निकाल कांगावच्या टेकडीवर लागला असे म्हणता येते. थोरातांची ही पलटण स्वातंत्र्यानंतर ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची पहिली पलटण झाली. पुढे सतरा वर्षांनी हीच तीन नावे एका वेगळ्या व दुःखद प्रकरणात पुन्हा एकत्र यावयाची होती.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश अधिकारी निघून गेल्याने वरिष्ठ पदे झपाट्याने रिकामी झाली आणि सँडहर्स्टमधून बाहेर पडलेल्या मूठभर अधिकाऱ्यांवर सेनेची जबाबदारी येऊन पडली. थोरात काही वर्षांतच मेजर जनरलच्या हुद्द्यावर पोहोचले.

कोरियातील युद्धबंदी करार २७ जुलै १९५३ रोजी झाला. त्यातील सर्वांत बिकट प्रश्न स्वदेशी परतू न इच्छिणाऱ्या कैद्यांचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याकडे असे सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियाई कैदी होते, तर उलट बाजूकडे साडेतीनशेच्या आसपास. त्यांचा निर्णय लावण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. भारताचे थिमय्या त्याचे अध्यक्ष आणि स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया हे सदस्य होते. कैद्यांना प्रत्यक्ष ताब्यात ठेवण्याचे काम भारतीय ‘कस्टोडियन फोर्स’कडे आले व तिचे अधिपत्य थोरातांना देण्यात आले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारताला इतका विरोध होता, की त्यांनी भारतीय सैनिकांस आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्याचे नाकारले. इंचॉन बंदरातून भारतीय तुकड्या अमेरिकन हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आल्या. तेथे उभारलेल्या वसाहतीला ‘हिंदनगर’ असे नाव पडले.

हे काम लढाईपेक्षा अवघड होते. कैदी नि:शस्त्र असले, तरी कडव्या संघटनांच्या पकडीत होते. कुंपणांच्या आत त्यांचेच पुढारी, त्यांचेच न्यायनिवाडे व शिक्षा चालत. पहारेकऱ्यांनी गोळीबार करावा तर निर्दयपणाचा ठपका, न करावा तर कुंपण फुटण्याची भीती. दोन्ही पक्ष भारताकडे संशयाने पाहत. सप्टेंबर १९५३ अखेरीस चिनी कैद्यांनी आपल्या आवारात आलेल्या मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास पकडून ठेवले. सैन्य घुसवून त्यांची सुटका करणे शक्य होते. पण त्यात ग्रेवाल यांचे प्राण जाण्याची व शेकडो कैदी मरण्याची शक्यता होती. थोरात थोड्या सहकाऱ्यांसह स्वतः त्या जमावात शिरले. क्षुब्ध कैद्यांशी त्यांनी यजमान-पाहुण्याच्या सुरात बोलणे सुरू केले, हळूहळू त्यांचा आवेश उतरविला व ग्रेवाल यांस घेऊन ते बाहेर आले. सर्वच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी पहाऱ्यावरील सैनिकांना गोळीबार करावा लागून काही कैदी मृत्युमुखी पडले. तथापि जवळजवळ पाच महिन्यांच्या या जबाबदारीत मोठा हत्याकांडाचा प्रसंग उद्भवला नाही, हे श्रेय प्रामुख्याने थोरातांच्या संयमाला द्यावे लागते. जानेवारी १९५४ मध्ये बहुसंख्य कैदी संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याकडे परत सोपविण्यात आले. कोणत्याच बाजूस जाऊ न इच्छिणारे ८० ते ९० कैदी भारतीय सैन्याबरोबर भारतात आले. थोरातांना अशोकचक्र (द्वितीय श्रेणी) देण्यात आले. या पदकाचेच १९६७ मध्ये कीर्तिचक्र असे नामांतर झाले. ‘पद्मश्री’ हा सन्मानही त्यांना लाभला. रणांगणावरील शौर्यासाठी एक आणि शस्त्र न वापरण्याच्या धैर्यासाठी दुसरे, असे पदकांचे दुर्मिळ जोडपे त्यांच्या छातीवर होते.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनाधिपती झाले. विभागाचे मुख्यालय त्या वेळी लखनौस होते. कलकत्त्यास ते १९६३ मध्ये हलविण्यात आले. नागा टेकड्यांतील बंडाळी, पूर्व पाकिस्तानची सीमा आणि ईशान्य सीमा प्रदेश (नेफा) हे सर्व या विभागात मोडे. यांपैकी नेफाच्या सीमेचे रक्षण लष्कराकडे नव्हतेच. आसाम रायफल्सच्या विखुरलेल्या चौक्या परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत काम करीत. मार्च १९५९ मध्ये तिबेटात उठाव झाला व दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले. २५ ऑगस्ट रोजी लाँगजू येथील भारतीय चौकीवर चिन्यांनी गोळीबार करून ती घेतली. त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी नेफाची सीमा लष्कराच्या स्वाधीन केल्याचे संसदेत जाहीर केले. भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंतची सुमारे १,१०० किमी. लांबीची डोंगरी सीमा अशा रीतीने एका घोषणेने थोरातांच्या शिरावर आली. तिच्यासाठी पंजाबच्या मैदानी युद्धाचे शिक्षण घेतलेली चौथी डिव्हिजन आसामात आणण्यात आली. तिबेटच्या पठारावर चिन्यांचे मोटाररस्ते सीमेजवळ येत होते. भारतीय बाजूस मात्र सपाटीपासून सीमेपर्यंत कित्येक ठिकाणी पाऊलवाटाच होत्या. सीमेवरील रस्त्यांसाठी वेगळी संघटना १९६० मध्ये निघाली.

या परिस्थितीचा अभ्यास करून थोरातांनी ८ ऑक्टोबर १९५९ रोजी आपला अहवाल सेनाप्रमुख थिमय्या यांस सादर केला. थोरातांच्या नावाशी निगडित झालेली हीच ती योजना होय. तिचा गाभा साधा होता. चीनचे आक्रमण होईल असे गृहीत धरले पाहिजे. मॅकमहोन रेषेवरच लढू म्हटले, तर आपल्या तुकड्या तळापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर, दारूगोळा व अन्न यांविना, शत्रूच्या सोयीच्या जागी लढतील. म्हणून सीमेवरील चौक्यांचे काम इशारा देणे व थोडा विलंब करणे एवढेच असावे. तेथून त्यांनी मागे यावे. मुख्य संरक्षण बोमदिला, झिरो, दापोरिजो, अलाँग आदी ठिकाणांना जोडणाऱ्या मागील रेषेवर करावे. तेथपर्यंत येताना शत्रूची रसदवाट लांबेल, डोंगर त्याच्या पाठीशी जातील आणि आपली वाट आखूड होईल. मग जोराचा प्रतिहल्ला करता येईल. शत्रूला सोयीच्या जागेपासून दूर खेचून झोडपण्याचे हे तत्त्व मराठ्यांच्या गनिमी काव्याशी परिचित असलेल्या वाचकास नवे वाटणार नाही. अर्थात यासाठी अधिक सैन्य व सामग्री लागेल, असेही अहवालात म्हटले होते.

थिमय्यांना हा विचार पटला व त्यांनी तो संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. पण ती वेळ वाईट होती. अवघ्या पाच-सहा आठवड्यांपूर्वी, ३१ ऑगस्टला, मेनन यांच्या वागणुकीला कंटाळून थिमय्यांनी राजीनामा दिला होता व नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला होता. मंत्री व सेनाप्रमुख यांच्यात विश्वास उरला नव्हता. खरा धोका पाकिस्तानचा, चीनचा नव्हे, असे मेनन यांचे मत होते. त्यांनी हा अहवाल भयग्रस्त कल्पना म्हणून बाजूला सारला. थोरातांनी प्रयत्न सोडला नाही. १७ मार्च १९६० रोजी त्यांनी लखनौ येथे ‘लाल किला’ नावाचा युद्धाभ्यास घेतला. त्यात सैन्य हलवावयाचे नव्हते. वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे नकाशा व प्रतिकृती यांच्या साहाय्याने संभाव्य आक्रमण पायरीपायरीने मांडावयाचे होते. उपलब्ध बळावर नेफाचे रक्षण होऊ शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. सेनाप्रमुख त्या वेळी उपस्थित होते. निष्कर्ष दिल्लीस पोहोचले आणि कपाटात पडून राहिले.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने प्राणनाथ थापर यांची निवड केली व थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले. थोरातांवर अन्याय करून कनिष्ठास वर नेले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. थापर हे थिमय्यांच्याच तुकडीतील असून ज्येष्ठतेच्या यादीत थोरातांच्या वरचे होते. आक्षेप घ्यावयाचा तर तो निराळ्या कारणाने घेता येईल : ज्या सेनानीने चीनच्या आघाडीचा सर्वांत बारकाईने विचार केला होता, त्याचा अनुभव पुढील दीड वर्षात कोणालाही विचारावासा वाटला नाही. पूर्व विभागात थोरातांच्या जागी सेन आले. नोव्हेंबर १९६१ पासून सीमेवर जास्तीत जास्त पुढे चौक्या स्थापण्याचे धोरण अंमलात आले. ते थोरातांच्या योजनेच्या नेमके उलट होते.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी नामकाचू ओढ्याकाठी, सीमेला चिकटून बसविलेली सातवी ब्रिगेड काही तासांत मोडून पडली. पाच दिवसांत तवांग गेले. नोव्हेंबरच्या मध्यास वालाँग, सेला व बोमदिला एकामागून एक पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. ऑक्टोबरअखेर नेहरूंनी थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले होते. १९५९ चा अहवाल आपणास का दाखविला नाही, असे त्यांनी विचारले आणि याचे उत्तर मेनन यांनीच द्यावे, असे आपण सांगितले, अशी नोंद थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात केली आहे. नंतर नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थिमय्यांसह त्यांनाही घेण्यात आले. मेनन यांचे मंत्रिपद गेले व संरक्षण खाते यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले.

थोरातांची योजना स्वीकारली असती, तर १९६२ चा पराभव टळला असता काय? याचे सरळ होकारार्थी उत्तर देणे धाडसाचे ठरेल. योजना नेफापुरतीच होती. लडाख पश्चिम विभागात असल्याने तिच्या कक्षेबाहेर राहिले. तिला लागणारे सैन्य व रस्ते तीन वर्षांत उभे राहिले असते किंवा नाही, ही शंका उरते. शिवाय सीमेवरील प्रदेश, आणि विशेषतः तवांगसारखे मठाचे ठाणे, तात्पुरते का होईना सोडून देण्याचा निर्णय संसदेत व जनतेपुढे समर्थनीय करणे त्या वेळच्या कोणत्याही सरकारला अतिशय जड गेले असते. थोरात सैनिकाच्या दृष्टीने विचार करीत होते आणि या राजकीय अडचणीचे उत्तर त्यांच्या अहवालात नव्हते. ते देणे त्यांचे कामही नव्हते. परंतु सरकारने राजकीय कारणांसाठी तो सल्ला तोलून नाकारला असे घडलेले नाही, तर तो सल्ला पंतप्रधानांपर्यंत पोहोचलाच नाही. आक्रमण कोठून येईल, किती खोल जाईल व कोठे थांबविता येईल याविषयीची त्यांची अटकळ मात्र प्रत्यक्ष घटनांशी पुष्कळ अंशी जुळली.

निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य मुख्यतः कोल्हापुरास होते. फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेफा-प्रकरणाचा जो तपशील आज उपलब्ध आहे त्यातील बराचसा या ग्रंथामुळे उजेडात आला. अर्थात तो एका बाजूचा साक्षीदार आहे हे वाचकाने ध्यानात ठेवावयास हवे. वयाच्या शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी त्यांचे निधन झाले.